दांडू एक, हात तीन

"चाळीस हजारांचा दांडू? आणि विटी वेगळी घ्यायची का?"

आमच्या सौभाग्यवतींनी हा प्रश्न विचारला तेव्हा मी शिडीवर उभा होतो. माळ्यावरची सुटकेस काढायला गेलो आणि तिच्यामागे महिनाभर दडवून ठेवलेली लांबट काळी पिशवी धाडकन खाली आली. पिशवीत गोल्फचा नवाकोरा ड्रायव्हर होता आणि पिशवीला किमतीची चिठ्ठी तशीच लटकत होती. निवृत्तीच्या पैशांतला हा पहिला मोठा खर्च, तोही घरात न विचारता केलेला. उत्तर द्यायला मी तोंड उघडलं खरं, पण उत्तर काही सुचेना.

आपल्याकडे गोल्फ म्हटलं की नाशिककरांना सकाळी फिरायला जायचं मैदान आठवतं आणि बाकीच्यांना हिंदी सिनेमातले पांढऱ्या टोपीतले श्रीमंत सासरे. ऑगस्ट २०२१ मधल्या एका शनिवारी मात्र हे चित्र बदललं. टोकियो ऑलिंपिकमध्ये आपली अदिती अशोक पदकाच्या उंबरठ्यावर होती आणि ज्यांनी जन्मात गोल्फ पाहिलं नव्हतं अशी घरंच्या घरं सकाळी चहाचे कप घेऊन टीव्हीसमोर बसली होती. अदिती चौथी आली. पदक एका फटक्याने हुकलं. त्या दिवसापासून आमच्या सोसायटीत मला 'काठीवाले काका' म्हणणं बंद झालं.

ज्यांचा या खेळाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. गोल्फमध्ये अठरा खड्डे असतात आणि प्रत्येक खड्ड्यात कमीत कमी फटक्यांत चेंडू घालायचा असतो. पिशवीत जास्तीत जास्त चौदा दांडू ठेवता येतात. त्यांतला सर्वांत लांब दांडू म्हणजे ड्रायव्हर. लाकडाच्या छोट्या खुंटीवर, तिला टी म्हणतात, चेंडू ठेवून पहिला लांब फटका मारायचा तो बहुधा याच दांडूने. खेळाडूची तयारी 'हँडिकॅप' या आकड्यावरून कळते. हँडिकॅप जितका कमी, तितका खेळाडू कसलेला. माझा एके काळी पाच होता, आता आठ आहे. आमच्या कन्येचा एक आहे. घरात कोणाचं ऐकलं जातं हे यावरून ध्यानात यावं.

तर माळ्यावरून पडलेला तो दांडू साधासुधा नव्हता. तो 'लो-स्पिन' ड्रायव्हर होता, म्हणजे चेंडूला कमी गिरकी देणारा, खास कसलेल्या खेळाडूंसाठी बनवलेला. दुकानदाराने "कसलेल्या" हा शब्द उच्चारला आणि माझा हात खिशाकडे गेला. गिऱ्हाईक कुठे विरघळतं हे दुकानदारांना बरोबर ठाऊक असतं.

ही गिरकी म्हणजे काय भानगड आहे? आपण क्रिकेटवाली माणसं, त्यामुळे फिरकी आपल्याला परकी नाही. लेगस्पिनरचा टॉपस्पिन अपेक्षेपेक्षा आधी खाली येतो, हे आपण मैदानात आणि टीव्हीवर हजारदा पाहिलं आहे. गोल्फचा चेंडू नेमका उलट फिरतो. पुढे जाताना त्याची वरची बाजू मागे वळत असते. या गिरकीमुळे चेंडूमागे सुटणारी हवा खाली ढकलली जाते आणि तिच्या उलट चेंडू वर उचलला जातो. विमानाला पंख उचलून धरतात, तशी ४६ ग्रॅमांच्या या चेंडूला त्याची गिरकी उचलून धरते.

हे शोधून काढणाऱ्या माणसाची गोष्ट मोठी गोड आहे. एडिंबरा विद्यापीठात पीटर गथ्री टेट नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांचा मुलगा फ्रेडी हा त्या काळचा नामांकित गोल्फपटू. १८९६ आणि १८९८ साली तो ब्रिटनचा हौशी विजेता होता. हे बापलेक गोल्फवेडे. बापाने १८९० च्या दशकात चेंडूच्या उड्डाणाचं गणित मांडायला घेतलं. गिरकी मोजायला तेव्हा ना कॅमेरे ना संगणक. त्यांनी चेंडूला एक लांब फीत बांधली, तिचं दुसरं टोक पक्कं केलं, समोर थोड्या अंतरावर चिकणमातीची भिंत उभी केली आणि चांगल्या खेळाडूला तिच्यात चेंडू मारायला सांगितला. मग मातीत रुतलेल्या चेंडूपर्यंत फितीला किती पीळ पडले ते मोजले. झाली गिरकीची मोजणी! चेंडू इतका वेळ हवेत राहतो तो नुसत्या वेगाने नव्हे, तर या उलट्या गिरकीच्या आधाराने, हे टेटसाहेबांनी दाखवून दिलं. फ्रेडी पुढे १९०० साली बोअर युद्धात मारला गेला. बापाचं गणित मात्र आजही प्रत्येक ड्रायव्हरच्या डोक्यात दडलेलं आहे.

मग गिरकी जर इतकी गुणाची, तर ती कमी करणारा दांडू कशाला? कारण मिठासारखं तिचंही आहे. हवीच, पण बेताची. फार झाली की चेंडू पुढे जायच्या ऐवजी वरवर चढत राहतो. आमच्या भाषेत चेंडू 'फुगतो'. समोरून वारा असला तर फुग्यासारखा लटकतो आणि जिथल्या तिथे खाली येतो. फार कमी झाली तर आधारच सुटतो आणि चेंडू दगडासारखा पडतो. या दोन टोकांच्या मध्ये प्रत्येक खेळाडूची आपली एक जागा असते.

दांडू बनवणाऱ्यांचं लक्ष या गिरकीकडे इतकं का वळलं, यामागे एक कायद्याची गंमत आहे. पूर्वी ड्रायव्हरचं डोकं खरोखरच लाकडाचं असे. पर्सिमन नावाच्या अमेरिकन झाडाचं. हे झाड आपल्या टेंभुर्णीच्या गोतातलं, म्हणजे जिच्या पानांच्या विड्या वळतात तिचं सख्खं नातलग. नंतर पोलाद आलं. १९९१ मध्ये कॅलवे कंपनीचा 'बिग बर्था' आला, १९९५ मध्ये त्याचा टायटॅनियमचा मोठा भाऊ आला, आणि डोकी भोपळ्यासारखी वाढू लागली. पातळ टायटॅनियमचं तोंड स्प्रिंगसारखं दबून चेंडू फेकू लागलं. तेव्हा १९९८ मध्ये अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने या स्प्रिंगला मर्यादा घातली आणि २००४ पासून डोक्याचा आकार ४६० घनसेंटीमीटरच्या वर नेता येईना. दोन दरवाजे बंद झाले. मग कारखानदार तिसऱ्या दाराकडे वळले: डोक्यातलं वजन इकडचं तिकडे हलवायचं.

मी जन्मभर कारखान्यात नोकरी केली, त्यामुळे हा भाग मला पटकन समजला. वजन डोक्याच्या मागे आणि कडेला नेलं, की डोकं फ्लायव्हीलसारखं वागतं. फटका मधोमध बसला नाही तरी ते सहजासहजी वळत नाही आणि चूक पोटात घालतं. तेच वजन तळाला आणि पुढे, तोंडाजवळ आणलं की गिरकी कमी होते, पण क्षमाशीलता जाते. डोकं चटकन वळतं आणि केलेल्या चुकीचा हिशेब तिथल्या तिथे मागतं. पिंगचा एल.एस.टी., टेलरमेडचे एल.एस., कॅलवेचा ट्रिपल डायमंड, टायटलिस्टचा टी.एस.आर.-४ ही सगळी या घराण्यातली नावं. 'कसलेल्या खेळाडूंसाठी' याचा खरा अर्थ एवढाच, की हा दांडू तुमच्या चुका झाकणार नाही. मी तो अर्थ 'तुमचं कसब वाढवील' असा लावून घेतला.

पहिले पंधरा दिवस मी चोरून खेळलो. दहांतला एखादा फटका असा काही बसे, की चेंडू खाली, सरळ, बंदुकीच्या गोळीसारखा जाई आणि मी तो मनात जपून घरी येई. बाकीच्या नवांचं काय, हे मी स्वतःलाही विचारत नव्हतो. ते विचारलं मामांनी.

मामा हे आमच्या मैदानावरचे जुने कॅडी. माझी पिशवी गेली बावीस वर्षं त्यांच्या खांद्यावर आहे. मोजकं बोलतात. त्या दिवशी तिसऱ्यांदा झाडीतून माझा चेंडू काढून आणताना म्हणाले, "साहेब, चांगला बॉल कुणीबी मारतंय. वाईट बॉल कुठं पडतोय त्यावर गेम हाय. नव्या काठीचा तुमचा चांगला बॉल धा पावलं पुढं जातोय, पन वाईट तीस पावलं मागं आन् झाडीत." जन्मभर लोकांचे वाईट चेंडू शोधणाऱ्या माणसाचं हे मत. मी त्यावर "वारा फार आहे हो," असं काहीतरी पुटपुटलो.

शिडीवरचा प्रसंग घडला तो त्याच संध्याकाळी. घरात दोन दिवस शांतता होती. तिसऱ्या दिवशी कन्येने न्यायनिवाडा केला. "बाबा, आपण मोजून बघू या. तुमचंही, माझंही. आणि दादालाही घेऊ." दादा म्हणजे मामांचा मुलगा. वय बावीस. बापाबरोबर पिशव्या उचलता उचलता शिकला आणि आता व्यावसायिक गोल्फच्या पात्रता स्पर्धेची तयारी करत होता. त्याच्याकडे एक जुना, कोणीतरी दिलेला ड्रायव्हर होता. प्रवेश फी भरायची तर नवा दांडू नाही आणि नवा दांडू घ्यायचा तर फी नाही, असा त्याचा हिशेब.

हल्ली चेंडूची मोजमापं घेणारं यंत्र असतं, लाँच मॉनिटर म्हणतात त्याला. टेटसाहेबांच्या फितीचा हा पणतू. आम्ही तिघं, माझा दांडू आणि मागे हाताची घडी घालून मामा, असे जाऊन उभे राहिलो. मोजणाऱ्या तरुणाने आधी दांडूच्या तोंडावर पावडरचा पातळ हात फिरवला, म्हणजे चेंडू नेमका कुठे बसतो त्याचा ठसा उमटतो. आणि चेंडू आमचेच, रोजचे, वापरायला सांगितले. सरावाच्या घासलेल्या चेंडूंवर आकडे फसवे येतात.

पहिला मी, माझ्या जुन्या दांडूने. दांडूचा वेग ताशी ९६ मैल. गिरकी मिनिटाला ३,४०० फेरे. म्हटलं, पाहा, गिरकी जास्त आहेच! तरुणाने नुसतं पावडरीकडे बोट केलं. ठसे सगळे तोंडाच्या खालच्या अंगाला. ड्रायव्हरचं तोंड किंचित फुगीर असतं. मध्याच्या खाली चेंडू लागला की गिरकी वाढते, वर लागला की कमी होते. शिवाय मी चार अंश वरून खाली हाणत होतो. दांडूच्या तोंडाचा उतार आणि फटक्याची दिशा यांत जितकी फट जास्त तितकी गिरकी जास्त. दांडू बदलून ही फट बुजत नाही.

मग कन्या. वेग ९५ मैल, माझ्याहून एक मैल कमीच. पण ती चेंडूला तीन अंश खालून वर उचलत मारते. गिरकी २,५००. चेंडू हवेतून २१८ यार्ड गेला, माझा १९८. वेग तोच आणि अंतरात वीस यार्डांचा फरक! अमेरिकेच्या व्यावसायिक दौऱ्यांची ट्रॅकमन कंपनीने काही वर्षांपूर्वी प्रसिद्ध केलेली सरासरी या जागी आठवली. पुरुषांचा वेग ११३ मैलांच्या आसपास, स्त्रियांचा ९४, आणि तरी दोघांची गिरकी जवळपास सारखी, २,६०० ते २,७०० फेरे. जगातले उत्तम खेळाडूसुद्धा गिरकी कमी करत करत शून्याकडे नेत नाहीत. पुरेशी ठेवतात.

आता माझा नवा दांडू कन्येच्या हातात गेला. गिरकी १,९०० वर उतरली. चेंडू सरळ निघाला आणि अर्ध्या वाटेत दम लागल्यासारखा खाली आला. हवेतलं अंतर २१० यार्ड. "जमिनीवर घरंगळत जाईल की," मी म्हटलं. "पावसाळ्यात, बाबा?" ती म्हणाली. माझ्या हातात तो दांडू दिला तेव्हा दहांपैकी दोन फटके २०८ यार्ड गेले आणि चार १७५ च्या आत पडले. मामांनी पावलांनी मोजलेलं यंत्राने यार्डांत सांगितलं, इतकंच.

शेवटी मामांचा मुलगा. त्याच्या जुन्या दांडूने वेग ११५ मैल, गिरकी ३,३००. चेंडू आभाळात चढून फुगला. मात्र पावडरीवरचे ठसे सगळे मधोमध, रुपयाच्या नाण्याखाली झाकतील इतके जवळ. खालीही हाणत नव्हता. दोष हाताचा नव्हता, दांडूचा होता. माझा दांडू त्याने घेतला. पहिले चेंडू जरा खालून गेले, कारण मी ऐटीत नऊ अंशांच्या उताराचं डोकं घेतलं होतं. कमी गिरकीच्या डोक्याला उतार थोडा जास्तच लागतो, नाहीतर चेंडू वर चढतच नाही. २०१४ च्या सुमारास टेलरमेडने आपला असाच एक दांडू विकताना लोकांना जास्त उतार घेण्याचा रीतसर प्रचार केला होता, तो याच कारणाने. तरुणाने छोट्या पान्याने दांड्याची जोडणी फिरवून उतार एक अंशाने वाढवला. पुढचा फटका. गिरकी २,४५०. हवेतून आधीपेक्षा चौदा यार्ड पुढे. आणि महत्त्वाचं म्हणजे दहाव्या फटक्यापर्यंत एकही चेंडू रेषेबाहेर गेला नाही. मग त्याला आम्ही बाहेर मैदानावर नेलं. पश्चिमेचा वारा तोंडावर होता. त्या वाऱ्यातही चेंडू फुगला नाही. मामा घडी घातलेले हात सोडून दोन पावलं पुढे आले आणि चेंडू पडेपर्यंत पाहत राहिले. बावीस वर्षांत माझ्या एकाही फटक्याकडे त्यांनी असं पाहिलेलं मला आठवत नाही.

परतताना मी गाडीत म्हटलं, "मामा, ती काठी मुलाला राहू दे." मामा बराच वेळ बाहेर बघत होते. मग म्हणाले, "फुकट नको साहेब. हप्त्यानं देईन." मी आग्रह करायला लागलो तशी मागच्या सीटवरून कन्या म्हणाली, "बाबा, त्यांना देऊ दे." तिचं बरोबर होतं. अर्ध्या किमतीत सौदा ठरला, दरमहा दोन हजार.

हा सगळा प्रपंच सांगायचं कारण, असा दांडू घ्यावा की नाही, हे मला अनेक मित्र हल्ली विचारतात. माझं उत्तर आता ठरलेलं आहे. आधी मोजा. गिरकी जास्त असेल तर ती हातामुळे की दांडूमुळे, हे पावडर सांगेल. ठसे विखुरलेले असतील तर चूक पोटात घालणारं डोकं घ्या, त्यात कमीपणा काही नाही. ठसे एका जागी, वेग भरपूर आणि तरीही चेंडू फुगत असेल तर लो-स्पिन डोकं तुमच्यासाठी आहे. तेव्हा उतार ऐटीसाठी कमी करू नका. आणि दहा फटके मारून सर्वांत चांगला लक्षात ठेवू नका, सर्वांत वाईट पाच लिहून काढा. आपण दांडू घेतो तो आपल्या सर्वोत्तम दिवसासाठी, आणि खेळतो मात्र रोजच्या दिवशी.

हे गोल्फपुरतंच आहे असंही मला वाटत नाही. पण निवृत्त माणसाला उपदेशाची खोड लागते, तेव्हा इथेच थांबतो.

मामांचा मुलगा त्या वर्षी पात्रता स्पर्धेत तीन फटक्यांनी मागे राहिला. पण चारही दिवसांत पहिल्या फटक्याला त्याचा एकही चेंडू हरवला नाही, हे मामांनी मला दोनदा सांगितलं. पुढच्या खेपेची त्याची तयारी चालू आहे आणि हप्ता महिन्याच्या सात तारखेला न चुकता येतो.

आणि माझं काय? त्या तरुणाने मला निघताना एक सल्ला दिला होता. चेंडू डाव्या टाचेच्या रेषेत ठेवा आणि खुंटी अर्धा इंच उंच करा. म्हणजे चेंडू तोंडाच्या वरच्या अंगाला लागेल. तसं केलं आणि जुन्याच दांडूवर गिरकी ३,४०० वरून २,८०० वर आली, चेंडू बारा यार्ड पुढे गेला. मामांचा पहिला हप्ता आला त्या दिवशी मी त्यातून सव्वातीन इंची लाकडी खुंट्यांचं एक पाकीट आणलं आणि या वेळी माळ्यावर न टाकता सरळ जेवणाच्या टेबलावर ठेवलं.

हिने पाकीट उचलून, उलटसुलट करून पाहिलं. "हे काय आता?"

म्हटलं, "तू विचारलं होतंस ना? विटी. वेगळी घ्यावी लागली."